गोडादऱ्यात सुती चिंधी मिळेना

गोडादरा, सुरत
वासी उत्तरायणानंतरचा दिवस

तीर्थरूप शालिग्रामनाना यांच्या पायांवर धाकट्या भावाचं, हिलालचं डोकं. इकडे सगळं कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नये. शोभाचे गुडघे धरले आहेत, माझी डावी भुवई जळाली आहे आणि शेठचं तर काही खरं राहिलेलं नाही. तुमची छाती कशी आहे? आपली सीताअक्का काढा देते का, आणि दिला तर तुम्ही तो पिता की तुळशीला घालता? तिकडे शिरपूरकडे आमच्या दुप्पट थंडी पडते असं ऐकतो, तेव्हा कानाला बांधल्याशिवाय ओट्यावर येऊ नये. तुमची लोखंडी पेटी तुम्ही ठेवली तशीच पलंगाखाली आहे. शोभा रोज तिच्यावरून फडकं फिरवते. त्या पेटीची अजिबात काळजी करू नये.

(शेठ म्हणजे कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणणार, मग हे पत्र अक्का वाचून दाखवणार, आणि ती मध्येच थांबून 'हाऊ कोन शेठ?' असं विचारणार. तर अक्का, शेठ म्हणजे नानांचा जुना डिझेलचा ट्रॅक्टर. उशिरा उठतो, उठल्यावर खोकतो, आणि दिवसभर दुसऱ्याच्या मालावर जगतो, म्हणून आमच्या गल्लीनं त्याला शेठ केलं. गोडादऱ्यातल्या साड्यांच्या कारखान्यांतली चिंधी ट्रॉलीत भरून कडोदऱ्याच्या गोदामात टाकायची, एवढंच त्याचं काम. आता पुढं वाच.)

फोन का केला नाही, असं विचाराल. दिवाळीपासून मी अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा तुम्ही 'हां, बरं, ठेव' म्हणालात, आणि मी ठेवला. पत्राला 'ठेव' म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

कामाचं आधी लिहितो. सोबत एक छापील कागद जोडला आहे. शेठ तुमच्या नावावर आहेत, त्यामुळे त्यांना भंगारात द्यायचं तर सही तुमचीच लागते. जिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही करून कागद योगेंद्रच्या हाती परत पाठवावा. (समोरच्या खोलीतला योगेंद्र, लूम चालवतो तो, ज्याला सगळं येतं तो. मामाच्या उत्तरकार्याला शिरपूरला निघाला आहे. हे पत्र त्याच्याच खिशातून आलं आहे, तेव्हा चुरगळलेलं असेल.) भंगारवाला रविवारी येणार आहे. नाना, रागावू नका. तुम्हीच जाताना म्हणालात, 'मी काही आता परत येत नाही, त्या ट्रॅक्टरचं काय करायचं ते कर.' काय करायचं ते मी दोन महिने टाळलं. थंडीनं आता टाळू दिलं नाही.

घडलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे सही करताना हात अडखळायला नको. सुरतची थंडी ही काही थंडी नव्हे, असं आपण खानदेशी लोक दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी शेठना ती थंडीच वाटते. (खरं तर ते पंजाबातल्या कारखान्यात जन्मले, त्यांनी आपल्याला हसायला हवं. पण कुठं जन्मलो यापेक्षा म्हातारे कुठं झालो यालाच शेवटी महत्त्व असतं.) गेल्या शनिवारी सकाळी सगळी गल्ली शाली गुंडाळून बाहेर आली. मी सीटवर चढलो, क्लच दाबला, किल्ली फिरवली. आतून एक 'घर्रर' असा आवाज आला, कुणी झोपेत कूस बदलावी तसा, आणि संपला.

तेव्हा नाना, मला एक गोष्ट कळली, जी कळली नसती तर बरं झालं असतं. एकोणीस हिवाळे आपण दोघांनी शेठना उठवलं. तुम्ही पुढं बोनटपाशी, मी मागं सीटवर. तुम्ही ओरडणार 'दाब!', की मी दाबणार. तुम्ही ओरडणार 'सोड!', की मी सोडणार. बोनट वर केलेलं असायचं, त्यामुळे मला पलीकडचं दिसायचं ते तुमच्या टोपीचं टोक. त्या बाजूला तुम्ही नक्की करायचात काय? दोन-तीनदा मी उतरून बघायला निघालो, तर तुम्ही अंगावर आलात, 'तू आठे नको येऊ, तठेच बठ!' मी बसलो. एकोणीस वर्षं बसलो. मनात म्हणायचो, थोरला भाऊ आहे, विद्या लपवतो, लपवू दे. आता तुम्ही शिरपूरला, विद्या तुमच्याबरोबर, आणि माझ्या पदरात फक्त दाबणं आणि सोडणं. पहिल्या दिवशी मी स्वतःच 'दाब' आणि 'सोड' ओरडत दोन्ही कामं केली आणि बॅटरी पार झोपवली.

दुसऱ्या दिवशी योगेंद्रनं त्याच्या ओळखीच्या टेम्पोची बॅटरी आणली. तुम्ही इंजिनात गरम पाणी ओतायचात एवढं मला माहीत होतं, कारण पातेली घरातून मीच आणून द्यायचो. शोभानं दोन पातेली तापवली. मी मोठ्या भक्तिभावानं रेडिएटरमध्ये ओतली. शेठनी सगळं पाणी घेतलं आणि सगळं खालून सोडलं. (थंडी पडली की संध्याकाळी काम संपल्यावर खालचा नळ उघडून पाणी काढून टाकायची तुमची सवय मी शुक्रवारी पहिल्यांदाच इमानदारीनं पाळली होती. सकाळी तो नळ बंद करायची तुमची सवय मात्र मला कुणी सांगितली नव्हती.) माझे पाय तेवढे छान शेकले. त्या आठवड्यातलं तेवढंच एक सुख.

मग योगेंद्रनं मोबाइलवर शोधून काढलं की बर्फाच्या देशांत इंजिनावर रात्रभर पांघरूण घालतात. आपल्याकडे पांघरुणाला काय तोटा? ट्रॉलीत डाग पडून फेकलेल्या साड्या होत्याच. त्यातल्या लाल, सोनेरी काठाच्या सहा साड्या शेठना गुंडाळल्या. सकाळी बघतो तर गल्लीच्या तोंडाशी राहणारी बिहारकडची एक म्हातारी शेठच्या नाकाला शेंदूर लावून हात जोडून उभी, आणि पुढच्या चाकाशी दोन केळी. मी तिला समजावलं की हे दैवत नाही. ती म्हणाली, उठत नाही, बोलत नाही आणि रोज चार माणसं पुढं उभी राहतात, मग दैवत नाही तर काय? केळी मी आणि योगेंद्रनं खाल्ली. शेठ त्या दिवशीही उठले नाहीत.

चौथ्या दिवशी ठाकोरभाई मेकॅनिकला बोलावलं. त्यानं इंजिनाला कान लावला, दोनदा किल्ली फिरवायला लावली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आमां हवे दम नथी रह्यो. भंगारमां आपी दो." (अक्का, म्हणजे यात आता दम राहिला नाही, भंगारात देऊन टाका.) नाना, दिवाळीत तुमच्या डॉक्टरनंही हेच सांगितलं होतं, फक्त हिंदीतून आणि दुसरं वाक्य सोडून.

तो विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. डॉक्टर म्हणाले, छातीत वर्षानुवर्षांचा धूर साचला आहे. तुम्ही म्हणालात, मी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. आणि मी फराळाचं ताट मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या देखत म्हणालो, मग धूर काय आपोआप शिरला? चोरून ओढत असशील, आणि आता डॉक्टरला खोटं पाडतोस. तुम्ही हातातली चकली ताटात परत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शिरपूरची गाडी धरलीत. तेव्हा मला वाटलं होतं, खरं बोललं की लोकांना झोंबतं. याबद्दल आणखी पुढं लिहीन, आत्ता लिहिलं तर पत्र इथंच थांबेल.

ठाकोरभाईनंच भंगारवाल्याला धाडलं. त्यानं शेठभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली, आणि हा छापील कागद माझ्या हातात देऊन गेला. उत्तरायणाच्या (आपल्या संक्रांतीच्या) दिवशी सकाळी मी ओट्यावर कागद घेऊन बसलो होतो. सगळी सुरत गच्चीवर, आणि मी एकटा खाली, शेठच्या समोर. तेवढ्यात योगेंद्र गच्चीवरून, पतंग हातात, वरूनच म्हणतो, "हिलालभाऊ, पन नाना त काकडा धरेत ना?" मी म्हटलं, कसला काकडा? तर म्हणे, चिंधीचा पीळ करायचा, डिझेलमध्ये बुडवायचा, पेटवायचा, आणि इंजिन जिथून हवा ओढतं तिथला रबरी पाइप काढून त्या तोंडाशी धरायचा. आत गरम हवा गेली की शेठ उठतात. एकोणीस वर्षं तो गच्चीवरून बघत होता! मी विचारलं, अरे मग हे चार दिवस आधी का नाही बोललास? तर म्हणे, "तू इचारंच नही." (सगळं येणाऱ्या माणसाची हीच अडचण. त्याला काय काय येतं हे त्यालाही आठवत नाही.)

मला तर हुरूप आला. चिंधी म्हणजे आपला धंदाच. ट्रॉलीत टनभर पडलेली. मी हातभर लांब, मनगटाएवढा जाड काकडा वळला, डिझेलमध्ये भिजवला, योगेंद्रला सीटवर बसवलं आणि पेटवला. पुढचं तुम्हाला डोळ्यांपुढं आणता येईल. ती चिंधी जळेना, वितळायला लागली. पेटते थेंब टपाटपा माझ्या चपलेवर, शेठच्या टायरवर, एक उडून भुवईवर. मी नाचतोय, योगेंद्रला काही दिसत नाही म्हणून तो दाबतोच आहे, आणि गच्च्यांवरची पोरं पतंग सोडून माझ्याकडं बघत, कुणाचा पतंग काटल्यावर ओरडतात तसं 'लपेट! लपेट!' ओरडताहेत. शोभानं बादली ओतली तेव्हा ते प्रकरण थांबलं. तेव्हा मला तुमचं ते नेहमीचं वाक्य आठवलं, 'मी सुरतमध्ये मेलो तर मला पॉलिस्टरमध्ये गुंडाळू नका रे, जळणार नाही, वितळून जाईन.' आपण हसायचो. तुम्ही ते अनुभवानं बोलत होतात, हे आता कळलं.

म्हणजे सुती कापड हवं. (तुम्ही ते कुठून आणायचात, देव जाणे.) मिळेल, त्यात काय, असं मला वाटलं. नाना, ज्या गावात रोज मैलोगणती कापड निघतं तिथं हातभर सुती चिंधी मिळेना. शोभानं काडेपेटी घेतली आणि घरातल्या एकेका कपड्याचा एकेक धागा काढून जाळायला बसली. (कारखान्यात करतात तीच परीक्षा, अक्का: धाग्याची राख झाली तर सूत, काळा मणी झाला तर पॉलिस्टर.) माझे सदरे, मणी. चादरी, मणी. तिच्या साड्या, मणी, त्या तर काडी नीट लागायच्या आधीच झाल्या. यात्रेतून तुम्ही माझ्यासाठी आणलेला 'शंभर टक्के सुती' टॉवेल, मणी. शेवटी माझा लग्नातला फेटा. एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझ्या सासऱ्यानं खऱ्या सुताचा फेटा बांधला होता. मणी. माहेरची बाजू पडल्यामुळे शोभाचं तोंड उतरलं. संध्याकाळपर्यंत आमच्याकडं वाटीभर काळे मणी जमले होते.

अखेर घरात एक कापड सापडलं, ज्याच्या धाग्याची पांढरी राख झाली. कोणतं ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही पत्र फाडाल.

काल, वासी उत्तरायणाला (म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी), सकाळी पुन्हा मांडामांड केली. नळ बंद, पाणी गरम, पाइप काढलेला. योगेंद्र म्हणाला, मी लांबून बघतो. तेव्हा शोभा गुडघे धरत सीटवर चढली आणि मी पुढं, तुमच्या जागेवर उभा राहिलो. काकडा पेटवला. कसा शांत जळत होता, दिव्यासारखा. मी ओरडलो, दाब! ती म्हणाली, "वरडू नका, माले ऐकू येस." दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा शेठनी आतून एक ओढ घेतली, ज्योत आत वाकली, आणि मग त्यांनी तो सगळा धूर परत माझ्या तोंडावर फुंकला. काळा, जाड, कडू. मला श्वास घेता येईना. हटावं म्हटलं तर काकडा हलतो, काकडा हलला तर शेठ परत झोपतात. म्हणून तसाच उभा राहिलो. पुन्हा ओढ, पुन्हा तोंडावर धूर. आणि मग शेठ उठले. सहा दिवसांनी गल्लीत तो आवाज झाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी भिंतीला धरून खोकत होतो, आणि तो खोकला माझा नव्हता नाना, तो तुमचा होता. अगदी तोच, शेवटी शिट्टी वाजणारा. एकोणीस हिवाळे, एकेका हिवाळ्यात दीड-दोन महिने, रोज सकाळी तुम्ही तिथं उभे होतात. मी विद्या बघायला खाली उतरलो की तुम्ही का ओरडायचात ते मला काल, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. तुम्ही विद्या लपवत नव्हतात, धूर लपवत होतात. मला मागं बसवून सगळा स्वतः घेतलात, आणि त्याच धुरावरून मी तुम्हाला सगळ्यांच्या देखत चोर म्हटलं. मी चुकलो. मी फार वाईट चुकलो. शोभानं विचारलं, डोळ्यांत पाणी का? मी म्हटलं, धुरानं. तिला पटलं नाही.

तर असं आहे. शेठ उठले, तरी माझं मत बदललं नाही, उलट पक्कं झालं. ज्यानं तुमची छाती खाल्ली तो माझ्या दारात नको. फुली मारली आहे तिथं सही करावी. थोरल्यांना दंडवत, अक्काला नमस्कार, आणि माझ्या हातून पत्रात जास्तीचं काही लिहिलं गेलं असेल तर ते थंडीच्या खात्यावर टाकावं.

तुमचा धाकटा,
हिलाल

ता. क. १ : वर सोबत कागद जोडला आहे असं लिहिलं आहे, तो पाकिटात शोधू नये. मी तो परत काढून घेतला. आवाज ऐकून ठाकोरभाई आज सकाळी स्वतःच आला. म्हणतो, या ट्रॅक्टरला हवेच्या वाटेवर एक हीटर असतो, आधीच्या मालकानं काढून घेतला असेल, कुठल्याही दुकानात मिळतो. येत्या आठवड्यात बसवून देतो, मग ना काकडा ना धूर. मी त्याला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तर तोही म्हणाला, विचारलं कुठं? नाना, हीटर एकोणीस वर्षं दुकानात पडून होता, आणि आपण दोघांनी कुणाला विचारलं नाही.

ता. क. २ : पेटीची काळजी करू नये असं सुरुवातीला लिहिलं ते खोटं आहे. काकड्याचं कापड त्या पेटीतलंच. शोभानं केसांतल्या पिनेनं कुलूप उघडलं. तुम्ही स्वतःच्या शेवटच्या प्रवासासाठी घडी घालून ठेवलेला तो कोरा मांजरपाट, तोच. मी तो दोनदा परत पेटीत ठेवला. शेवटी शोभा म्हणाली, "जित्ता माणूसनं कापड कसाले जपतस? फाडा." आणि तिनंच दातानं टोक तोडून दिलं. चांगला तीन हात गेला. उरलेलं मी तुमच्या मापाशी लावून बघितलं (दाराच्या चौकटीवर तुमच्या टोपीचा तेलकट डाग आहे, त्यावरून), ते तुम्हाला पुरत नाही. पाय उघडे राहतात. आणि तसला मांजरपाट इथं मिळत नाही हे वर सांगितलंच आहे. तेव्हा तूर्तास मरायचा विचार करू नये. सोय नाही.

ता. क. ३ : अक्का, यापुढचं तू वाचू नको. चष्मा त्याच्या उशीखाली असतो, तो दे त्याला आणि कागद त्याच्या हातात दे.

नाना, हीटर बसला की शेठना उठवायला एकच माणूस पुरेल, असं ठाकोरभाई सांगतो. शेठना आता दोन माणसं लागत नाहीत. मला लागतात. तू पुढं उभं राहायचं नाहीस, बोनटच्या जवळसुद्धा फिरकायचं नाहीस, ओरडायचं असेल तर बसल्या जागेवरून ओरड. तू आठे नको येऊ, तठेच बठ, असं आता मी तुला म्हणीन.

पन बठाले तरी ये.